व्हीगन आहाराकडे वळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांस, मासे, अंडी, दूध आणि मध हे सगळे आहारातून काढून टाकायचे ठरवले की माणसासमोर दोन कामे एकदम उभी राहतात. पहिले काम ताटातले असते आणि दुसरे ताटाभोवती बसलेल्या माणसांमधले. पहिले काम माहिती असली की वाटते त्यापेक्षा सोपे जाते. दुसऱ्याला मात्र धीर लागतो, आणि अनेक जण आहार सोडून देतात ते दुसऱ्या कामात थकल्यामुळेच. म्हणून येथे दोन्हींविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

व्हीगन आहारात नेमके काय वर्ज्य असते?

प्राण्यांपासून मिळणारे प्रत्येक अन्न वर्ज्य असते. मांस आणि मासे तर आलेच, पण दूध, दही, लोणी, तूप, चीज, अंडी आणि मध हेही त्यात येतात. ही अलीकडची लाट आहे असे अनेकांना वाटते, परंतु अरबी कवी अबुल अला अल-मआर्री (९७३–१०५७) हा दूध, अंडी आणि मध यांनाही नकार देत असे. आजच्या संघटित चळवळीची सुरुवात इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये झाली, जेव्हा डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. या संस्थेच्या व्याख्येत प्राण्यांचा वापर ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितका’ टाळण्याची अट आहे. हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण औषधे, प्रवास आणि अनवधानाने झालेल्या चुका यांच्या संदर्भात ते फार उपयोगी पडतात.

सगळे एका दिवसात सोडावे की हळूहळू?

दोन्ही मार्गांनी लोक यशस्वी झालेले आहेत, तरी बहुतेकांना मी हळूहळू बदल करण्याचाच सल्ला देईन. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे: आधी नवे पदार्थ ताटात आणावेत आणि मग जुने काढावेत. बहुतेक घरांत तेच ते मोजके पदार्थ आलटून पालटून केले जातात. त्यांपैकी कोणते आधीपासूनच पूर्ण वनस्पतीजन्य आहेत, कोणत्या पदार्थांत फक्त लोण्याऐवजी तेल घातले की काम होते आणि कोणत्यांना खरोखरच पर्याय शोधावा लागेल, हे एकदा कागदावर लिहून काढले की अर्धी धास्ती तिथेच कमी होते. याउलट ज्यांनी दूध, अंडी आणि मांस काढले, पण त्यांच्या जागी काहीच आणले नाही, त्यांच्या ताटात भात किंवा पाव, बटाटा आणि थोडी भाजी एवढेच उरते. मग भूक लागते, थकवा येतो आणि दोष मात्र व्हीगन आहाराला दिला जातो.

बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी खरोखरच घ्यावी लागते का?

होय. या संपूर्ण पानावरचे एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर ते हे असावे. बी-१२ ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते जिवाणू तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरात ते साठत जाते. स्वच्छ धुतलेल्या वनस्पतीजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शैवालात जे सापडते ते बहुतांशी मानवी शरीराला निरुपयोगी असलेले रूप असते आणि आंबवलेल्या पदार्थांवरही विसंबून राहता येत नाही.

प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम इतकी अल्प असते आणि यकृतातला साठा काही वर्षे पुरू शकतो. धोका नेमका इथेच आहे, कारण पहिली एक-दोन वर्षे काहीच त्रास होत नाही आणि ‘मला गोळीची गरज नाही’ असा समज पक्का होतो. पुढे हातापायांना मुंग्या येणे, जीभ हुळहुळणे, सतत थकवा, विसरभोळेपणा अशी लक्षणे दिसू लागतात आणि मज्जातंतूंची हानी फार पुढे गेली तर ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही. हिरव्या भाज्या आणि कडधान्ये यांतून फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्यामुळे बी-१२च्या कमतरतेतून होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहते.

एका वेळी पोटात गेलेल्या बी-१२पैकी शरीर साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या मार्गाने शोषून घेते. त्यापुढच्या मात्रेतला जेमतेम एक टक्का भाग शोषला जातो. म्हणूनच मात्रा जितकी विरळ तितकी ती मोठी लागते. व्हीगन सोसायटीचा सल्ला असा आहे की बी-१२ मिसळलेल्या पदार्थांतून दिवसभरात किमान ३ मायक्रोग्रॅम घ्यावेत, अथवा रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, अथवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम घ्यावेत. जे दीर्घकाळ मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध किंवा आम्लपित्तावरची औषधे घेतात, त्यांचे शोषण आणखी कमी होऊ शकते; त्यांनी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रक्तातील बी-१२चा आकडा काठावर आला तर मिथाइलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन या बी-१२ कमी पडल्यास वाढणाऱ्या घटकांच्या चाचण्यांतून चित्र अधिक स्पष्ट होते.

गोळी घ्यावी लागते, म्हणजे हा आहार अपुराच नाही का?

हा आक्षेप सुटा घेतला तर बरोबर वाटतो. परंतु मिठात आयोडीन मिसळले जाते, अनेक देशांत पिठात लोह आणि फॉलिक आम्ल घातले जाते, आणि कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यातही बी-१२ मिसळण्याची पद्धत सर्रास आहे. उणीव ओळखून ती भरून काढणे यात कमीपणा नाही. ती नाकारणे मात्र घातक आहे, आणि बी-१२ची गरजच नाही असे सांगणाऱ्या व्हीगन प्रचारकापासून दूर राहावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

प्रथिने कुठून मिळतात?

कडधान्ये, डाळी, सोयाबीन आणि त्यापासून बनलेले टोफू, शेंगदाणे, वाटाणे, बिया आणि धान्ये यांतून मिळतात. निरोगी प्रौढासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम ही नेहमीची शिफारस आहे; म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅमच्या आसपास. वनस्पतीजन्य प्रथिनांचे पचन काहीसे कमी होत असल्यामुळे याहून थोडे अधिक घेणे शहाणपणाचे ठरते. शिजवलेल्या मसुराच्या एका कपात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात, तर कोरड्या सोया चंक्सच्या १०० ग्रॅममध्ये ती ५० ग्रॅमच्या घरात जातात. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरते. प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य किंवा सोया यांपैकी काही ना काही असावे, एवढा एकच नियम पाळला तरी हिशेब करत बसावे लागत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत पोट फुगते आणि वायू होतो. हे थांबेल का?

बहुतेकांचे थांबते. कडधान्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्या मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंकडून आंबवल्या जातात आणि त्यातून वायू तयार होतो. कडधान्य रात्रभर भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, दाणा बोटांत सहज चेपला जाईल इतका मऊ शिजवावा आणि सुरुवात साल काढलेल्या डाळींपासून करावी. तंतुमय पदार्थ वाढवताना पाणीही वाढवावे लागते, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतो. तीव्र पोटदुखी, शौचावाटे रक्त किंवा कारणाशिवाय घटणारे वजन ही लक्षणे मात्र आहारबदलाच्या नावावर खपवू नयेत. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे.

लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आयोडीन आणि ओमेगा-३ यांची काळजी कशी घ्यावी?

वनस्पतींतील लोह कमी प्रमाणात शोषले जाते, पण त्यासोबत लिंबू, पेरू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची असे क जीवनसत्त्व असलेले काही खाल्ले तर शोषण लक्षणीय वाढते. चहा आणि कॉफी याउलट काम करतात, त्यामुळे जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी मात्र तपासणीशिवाय सुरू करू नये.

कॅल्शियमची बाब मला अधिक गंभीर वाटते. इंग्लंडमधील ‘एपिक-ऑक्सफर्ड’ या दीर्घकालीन अभ्यासाचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की मांसाहारींच्या तुलनेत व्हीगन लोकांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिने यांतून या फरकाचा काही भाग उलगडतो, सगळा नाही. या निष्कर्षाने घाबरून जाऊ नये, पण त्याकडे डोळेझाकही करू नये. प्रौढांना दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते कॅल्शियम घालून घट्ट केलेले टोफू, कॅल्शियम मिसळलेले वनस्पतीजन्य दूध, तीळ, ब्रोकोली आणि कोबीच्या जातीच्या हिरव्या पालेभाज्यांतून मिळवता येते. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातील ऑक्झलेटमुळे ते फारच थोडे शोषले जाते. वनस्पतीजन्य दुधात मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते, म्हणून खोके दर वेळी नीट हलवूनच ओतावे. याच्या जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम हवाच.

ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिनपासून बनवतात. दगडफुलापासून बनवलेले ड-३ आणि ड-२ हे व्हीगन पर्याय आहेत. आयोडीनसाठी आयोडीनयुक्त मीठ हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि सैंधव मिठाने ही गरज भागत नाही. ओमेगा-३साठी रोज चमचाभर दळलेले जवस किंवा मूठभर अक्रोड पुरतात. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडते, म्हणून ते दळणे आवश्यक आहे. गरोदरपणात डीएचए हा ओमेगा-३चा प्रकार हवा असल्यास तो सूक्ष्म शैवालाच्या तेलातून मिळतो.

चीज आणि दह्याची आठवण जात नाही. काय करावे?

आठवण येणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावू नये. मात्र पहिल्याच आठवड्यात नकली चीज आणून त्याची अस्सल चीजशी तुलना करू नये. ती तुलना नेहमी अपेक्षाभंगात संपते. काही आठवडे चीज पूर्ण बाजूला ठेवून नंतर पर्याय चाखले तर ते स्वतःच्या चवीने आवडू लागतात. दुधाच्या पर्यायांत प्रथिनांच्या दृष्टीने सोयाचे आणि वाटाण्याचे दूध गाईच्या दुधाच्या जवळ जाते, तर बदामाच्या दुधात प्रथिने नाममात्र असतात. भाजलेल्या पदार्थांत एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा दळलेले जवस आणि तीन मोठे चमचे पाणी कालवून दहा मिनिटे ठेवले की चिकट मिश्रण तयार होते. फेसासाठी छोले शिजवलेले पाणी घोटतात, आणि ते अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे फुलते.

वेष्टनावरचा मजकूर वाचताना काय पाहावे?

साध्या बिस्किटाचा पुडा हातात घेऊन त्याची मागची बाजू वाचून पाहा. मैदा, साखर आणि तेल यांच्यानंतर बारीक अक्षरांत ‘मिल्क सॉलिड्स’ किंवा ‘व्हे पावडर’ लिहिलेले सापडते. केसीन, व्हे आणि लॅक्टोज हे दुधाचेच भाग आहेत. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनते, ई-१२० हा लाल रंग कीटकांपासून मिळतो आणि ई-९०४ म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव. ‘लॅक्टोजमुक्त’ म्हणजे दूधमुक्त नव्हे. ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही सूचना मात्र ॲलर्जी असलेल्यांसाठी असते. एकाच यंत्रावर दोन पदार्थ तयार होत असल्याचे ती सांगते, आणि नैतिक कारणाने व्हीगन असलेल्या माणसाने तिच्यामुळे पदार्थ टाकून देण्याची गरज नाही.

औषधांचे काय?

डॉक्टरांनी दिलेले औषध जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये आहे किंवा गोळीत लॅक्टोज आहे म्हणून ते कधीही बंद करू नये. पर्याय आहे का हे विचारावे, नसेल तर औषध घ्यावे. आहार बदलल्याचेही डॉक्टरांना सांगावे: लिव्होथायरॉक्सिन हे थायरॉइडचे औषध सोयाच्या पदार्थांसोबत घेतल्यास त्याचे शोषण घटते आणि रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवल्यास मात्रेचा मेळ बिघडतो.

गरोदर स्त्रिया, मुले आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्या व्यक्तींनी हा आहार घ्यावा का?

अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स’ या संस्थेने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार जीवनाच्या सर्व टप्प्यांसाठी योग्य असल्याचे म्हटले होते. २०२५ च्या निवेदनात मात्र तिने आपला विचार प्रौढांपुरता ठेवला आणि गरोदर व स्तनदा स्त्रिया त्यातून वगळल्या. यावरून एवढे नक्की घ्यावे की ‘नीट आखलेला’ या शब्दांवर सारी भिस्त आहे, आणि या अवस्थांत आहारतज्ज्ञाची सोबत अत्यावश्यक आहे. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाला पर्याय म्हणून घरी केलेले बदामाचे किंवा ओट्सचे दूध कदापि देऊ नये. ज्यांना पूर्वी खाण्याचा विकार झालेला आहे, त्यांनी आपल्याला प्राण्यांबद्दल वाटते म्हणून पदार्थ सोडायचे आहेत की खाणे टाळायला नवे कारण हवे आहे, हा प्रश्न उपचार करणाऱ्या व्यक्तीसमोर प्रामाणिकपणे मांडावा.

मी कोणालाही काही बोललो नाही, तरी लोक माझ्यावर चिडतात. असे का?

कारण तुमचे ताट त्यांना न विचारलेला प्रश्न विचारते. मिन्सन आणि मोनिन या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की शाकाहारी लोक आपल्याला नैतिकदृष्ट्या कमी लेखतील असे ज्यांना आधी कल्पायला लावले होते, त्यांनी शाकाहारी लोकांबद्दल अधिक वाईट मत दिले. चिडण्यामागे बहुधा हीच दोषारोपाची भीती असते, आणि तुम्ही कोणाला दोष दिलेला नसला तरी ती समोरच्याच्या मनात उमटतेच. हे एकदा समजले की उत्तर देण्याची रीत बदलते. आकडेवारी मांडण्याऐवजी ‘मला हे माझ्यासाठी योग्य वाटले, तुमच्या जेवणाबद्दल माझी काही तक्रार नाही’ एवढे शांतपणे म्हटले तर समोरच्याचा ताण उतरतो. काही लोक त्यानंतरही टोचत राहतात. त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

आई-वडील काळजीपोटी विरोध करत असतील तर?

काळजी आणि टीका यांत फरक करावा. ‘अशाने तू वाळून जाशील’ या वाक्यामागे आयुष्यभर तुम्हाला खाऊ घातलेल्या माणसाची धास्ती असते, आणि त्यांनी केलेले अन्न नाकारले म्हणजे आपल्यालाच नाकारले, असे त्यांना वाटू शकते. त्यांच्यापुढे तत्त्वज्ञान मांडून काही साधत नाही. रक्ततपासणीचा अहवाल दाखवावा, बी-१२ची गोळी त्यांच्यासमोर घ्यावी आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाक स्वतः करून त्यांना वाढावा. त्यांच्या हातच्या ज्या पदार्थांत काही बदलावे लागत नाही, ते पदार्थ आवर्जून मागून खावेत. माझ्या मते याइतका परिणाम दुसऱ्या कशानेही होत नाही.

‘एवढ्याने काय होतंय?’ असे म्हणून कोणी आग्रहाने वाढत असेल तर?

हा प्रसंग दोन-तीन सेकंदांत घडतो. वाढणाऱ्याच्या हातातला चमचा ताटावर आलेला असतो, बाकीचे बोलणे थांबवून पाहत असतात आणि नकार उद्धट वाटेल या भीतीने माणूस गप्प राहतो. म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवावे. हात ताटावर आडवा धरून, वाढणाऱ्याकडे पाहून, ‘हे मी घेत नाही, पण ती उसळ मला आणखी वाढा’ असे म्हणावे. नकाराला जोडून लगेच काहीतरी मागितले की वाढणाऱ्याचा हात रिकामा परत जात नाही. कारणे सांगू नयेत, कारण प्रत्येक कारणावर वाद होऊ शकतो. शक्य असेल तेथे यजमानांना आदल्या दिवशी कळवावे आणि एखादा पदार्थ स्वतः करून नेण्याची तयारी दाखवावी. तो सर्वांना पुरेल इतका न्यावा.

‘वनस्पतींनाही जीव असतो’ यासारख्या युक्तिवादांना काय उत्तर द्यावे?

वनस्पती सजीव आहेत, त्या उजेडाला आणि इजेला प्रतिसादही देतात, पण त्यांना मज्जासंस्था किंवा मेंदू नसतो. शिवाय पाळीव जनावरांना वाढवण्यासाठी माणसाने थेट खाल्ले असते त्यापेक्षा कितीतरी अधिक पीक लागते. पूअर आणि नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या हिशेबानुसार प्राणिजन्य अन्न पूर्ण वगळल्यास अन्नासाठी लागणारी शेतजमीन सुमारे ७६ टक्क्यांनी घटेल. म्हणजे वनस्पतींची काळजी खरी असली तरी निष्कर्ष तोच निघतो.

मांस खाणे नैसर्गिक आहे, सगळेच खातात, ते आवश्यक आहे आणि चवीला छान लागते, या चार गटांत बहुतेक समर्थने बसतात, असे २०१५ मधील एका अभ्यासात आढळले होते. चारही मुद्द्यांवर बोलता येते. पण विचारणाऱ्याला उत्तर हवे आहे की वाद हवा आहे, हे आधी ओळखावे. जेवणाच्या टेबलावर विचारलेल्या प्रश्नाला ‘जेवण झाल्यावर निवांत बोलू’ असे म्हणावे. ज्याला खरोखर जाणून घ्यायचे असते तो नंतर येतो.

जोडीदार व्हीगन नसेल तर एका घरात कसे निभावते?

निभावते, पण नियम बोलून ठरवावे लागतात: भांडी वेगळी हवीत का, एकत्र खर्चातून मांस आणायचे का, मुलांना काय द्यायचे. सामाईक जेवण वनस्पतीजन्य ठेवून ज्याला जे अधिक हवे त्याने ते स्वतः करावे, ही व्यवस्था बऱ्याच घरांत टिकते. जोडीदाराने बदलावे म्हणून रोज टोचत राहिल्यास नाते आणि आहार दोन्हींवर ताण येतो.

आता मलाच इतरांचा राग येऊ लागला आहे. हे बरोबर आहे का?

जनावरांचे काय होते हे नव्याने कळल्यावर राग आणि दुःख दोन्ही येतात आणि ती भावना खोटी नाही. परंतु काही काळापूर्वी आपणही तेच खात होतो, आणि आपले मत कोणाच्या अपमानातून बदललेले नव्हते, हे आठवावे. कत्तलखान्यांची चित्रफीत रोज पाहणे थांबवावे. त्यातून प्राण्यांचे काही भले होत नाही आणि झोप मात्र उडते. समविचारी माणसांचा एखादा गट शोधावा, म्हणजे मनातले बोलायला घरच्या जेवणाखेरीज दुसरी जागा मिळते. हतबलता आठवडेच्या आठवडे टिकली तर समुपदेशकाची मदत घ्यावी.

चुकून प्राणिजन्य पदार्थ खाल्ला गेला तर?

पुढचे जेवण नेहमीप्रमाणे करावे. दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी नसेल तर शरीराला त्यातून अपाय होत नाही, आणि एका चुकीने सगळे वाया गेले असे मानून आहार सोडण्याचेही कारण नाही. पदार्थ कोणता होता आणि तो नजरेतून कसा सुटला एवढे लक्षात ठेवावे, आणि पदार्थ दुसऱ्या कोणी केलेला असेल तर त्यांना चारचौघांत न सांगता नंतर, एकांतात सांगावे.